स्वीप (वास्तुरचनेतील त्रिमितीय आकारपद्धत)

स्वीप : एखादा सपाट छेद ठरावीक वाटेवरून सरकवत नेऊन घनाकृती किंवा पृष्ठ तयार करण्याची संगणकीय पद्धत. छेदाला प्रोफाइल आणि वाटेला पाथ किंवा रेल म्हणतात. वाट सरळ असेल तर एक्स्ट्रूजन (छेद सरळ ओढून केलेला घन) होते, वर्तुळाकार असेल तर रिव्हॉल्व्ह (छेद अक्षाभोवती फिरवून केलेला घन). ही दोन्ही स्वीपचीच सोपी रूपे आहेत. कॉर्निस, स्कर्टिंग, पन्हळ, जिन्याची हँडरेल, वाहनतळाचा वळणदार रॅम्प असे इमारतीतले कितीतरी भाग याच रीतीने उभे राहतात. छेद आणि वाट या दोन गोष्टी दिल्या की आकार ठरला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिसरी गोष्ट तितकीच निर्णायक असते : वाटेच्या प्रत्येक बिंदूवर छेदाने तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे, याचा नियम. अवघड स्वीप बिघडतात त्यांतले बरेचसे इथेच बिघडतात.

बांधकामात ही कल्पना संगणकाच्या फार आधीपासून आहे. पीओपीचे कारागीर कॉर्निस ओढतात तेव्हा पत्र्यातून उलटा छेद कापून फर्मा करतात, तो लाकडाला ठोकतात आणि भिंतीवर बसवलेल्या सरळ पट्टीच्या आधाराने ओल्या मालावरून पुन्हापुन्हा फिरवतात. फर्मा पट्टीला टेकलेला असल्यामुळे तो कलंडत नाही. दिशेचा नियम तिथे हाताला आणि पट्टीलाच ठाऊक असतो. सॉफ्टवेअरला तो सांगावा लागतो.

ऑटोकॅड या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वीप ही स्वतंत्र आज्ञा २००७ च्या आवृत्तीत आली. त्याआधी एक्स्ट्रूडलाच वाट देऊन काम भागवावे लागे. स्केचअपमध्ये हेच काम ‘फॉलो मी’ करते. ऱ्हायनोमध्ये एका रेलचा आणि दोन रेलचा असे दोन स्वीप आहेत. रेव्हिटमध्ये स्वीप आणि स्वेप्ट ब्लेंड (दोन टोकांना वेगळे छेद असलेला स्वीप) आहेत. तिथे स्केच करून काढलेली वाट एकाच प्रतलात राहते, त्रिमितीय वाट हवी असेल तर आधीच्या आकृतीच्या कडा निवडाव्या लागतात. आर्किकॅडच्या जीडीएल या भाषेतली ‘ट्यूब’ आज्ञा वाटेचा पहिला आणि शेवटचा बिंदू आकारात धरत नाही; ते दोन बिंदू टोकांचे काप कोणत्या कोनात पडतील एवढेच ठरवतात. हे माहीत नसले की नळी दोन्हीकडून आखूड दिसते आणि चूक कुठे झाली ते लवकर उमगत नाही.

दिशेच्या नियमाचे गणित एकोणिसाव्या शतकातले आहे. फ्रेने (१८४७) आणि सेरे (१८५१) या फ्रेंच गणितज्ञांनी अवकाशातील वक्राच्या प्रत्येक बिंदूवर तीन परस्परलंब दिशांची चौकट मांडली : स्पर्शरेषा, वक्र ज्या बाजूला वळतो ती अभिलंब दिशा, आणि या दोहोंना लंब अशी तिसरी. वक्र सतत वळत असेल तोवर ही चौकट उत्तम चालते. पण वाट सरळ झाली की ‘वळण्याची बाजू’च उरत नाही आणि अभिलंब ठरत नाही. इंग्रजी एस अक्षरासारख्या वाटेवर वळण जिथे बाजू बदलते, तिथे अभिलंब एकदम १८० अंशांत उलटतो आणि छेदही त्याच्याबरोबर उलटा होतो. या अडचणीवर रिचर्ड बिशप यांनी १९७५ मध्ये दुसरी चौकट पुढे आणली. तीत छेद स्पर्शरेषेभोवती स्वतःहून अजिबात गिरकी घेत नाही. वाट नेईल तेवढाच कलतो. हिला किमान-परिभ्रमण चौकट म्हणतात. नळ्या, केबल, लवचीक डक्ट यांसाठी ती योग्य ठरते.

हँडरेलसाठी मात्र हीच चौकट घात करते. समजा, मळसूत्री जिना आहे. हँडरेलची त्रिज्या १ मीटर आणि एका पूर्ण फेऱ्यात चढ ३ मीटर. परीघ सुमारे ६.२८ मीटर, म्हणून चढाचा कोन साधारण २५.५ अंश आणि एका फेऱ्यातली हँडरेलची लांबी जवळपास ६.९६ मीटर. आता आयताकृती छेद किमान-परिभ्रमण चौकटीने फिरवला, तर एका फेऱ्याच्या शेवटी तो आपल्या अपेक्षित स्थितीपासून सुमारे १५५ अंश कललेला असतो. सुरुवातीला तळहाताखाली असलेली बाजू वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत जवळजवळ खाली गेलेली असते. गोल पाइपात हे दिसत नाही, म्हणून दोष झाकून राहतो. छेद चौकोनी किंवा बोटांसाठी खाच असलेला केला की लगेच उघडा पडतो. इथे हवी ती उभ्या दिशेला बांधलेली चौकट : छेद वाटेबरोबर वळेल, पण त्याची वरची बाजू कायम वरच राहील. ऱ्हायनोमध्ये ‘रोडलाइक’ हा पर्याय नेमके हेच करतो. निव्वळ मळसूत्रावर फ्रेनेची चौकटही हेच उत्तर देते, कारण तिचा अभिलंब सतत मधल्या अक्षाकडे आडवा रोखलेला असतो. पण हँडरेल लँडिंगवर येऊन सरळ झाली की ती चौकट सोडून द्यावी लागते.

छेद वाटेला लंब ठेवायचा की ओळंब्यात, हा त्यापुढचा प्रश्न. वरच्याच जिन्यावर ५० मिमी व्यासाचे वर्तुळ ओळंब्यात उभे ठेवून फिरवले, तर हँडरेलची वाटेला लंब मोजलेली जाडी एका दिशेने सुमारे ४५ मिमी भरते. बाजारातला पाइप तर वाकवला तरी ढोबळमानाने गोलच राहतो. म्हणून पाइपच्या हँडरेलला लंब छेद घ्यावा. ओळंब्यातला छेद जागेवर ओतल्या जाणाऱ्या काँक्रीटच्या कठड्याला शोभतो.

वाट मोडत जाणारी असेल तर प्रत्येक कोपऱ्यावर दोन तुकड्यांचा तिरका जोड येतो. अंबरनाथच्या शिवमंदिराचा (शके ९८२, इ. स. १०६०) पाया याचे फार सुंदर उदाहरण आहे. पीठाचे, म्हणजे मंदिराच्या जोत्याचे, आडवे थर भिंतीच्या प्रत्येक पुढे-मागे होण्याबरोबर वळत सगळ्या मंदिराला वेढतात. असे पीठ संगणकावर उभे करताना थरांचा छेद एकदा नीट काढून तलरेषेवरून फिरवणे हाच सरळ मार्ग. मात्र दोन बाहेर आलेल्या भागांमधली खोबण थराच्या पुढाव्याच्या दुपटीपेक्षा अरुंद असेल, तर समोरासमोरचे थर एकमेकांत घुसतात. सॉफ्टवेअर तिथे तक्रार करते किंवा मुकाट्याने सदोष घन देते. अशा ठिकाणी पाथरवटाने थर कुठे थांबवला हे मूळ दगडावरच पाहावे लागते. कोरीव शिल्पांचे थर तर स्वीपच्या कक्षेतच येत नाहीत. स्वीपने फार तर त्यांची बैठक मिळते.

वळणदार वाटेवरही अशीच मर्यादा असते. छेद आतल्या बाजूला ३०० मिमी पसरत असेल आणि वाटेची वक्रता-त्रिज्या २०० मिमी असेल, तर आतली कड स्वतःलाच छेदते. छेद न बदलता उपाय दोनच : त्रिज्या वाढवणे किंवा वाट छेदाच्या आतल्या कडेजवळ आणणे. दुसरा उपाय अनेकदा विसरला जातो, खरे तर बहुतेक वेळा तोच पुरतो.

छेदच बदलत जात असेल, जसे वर अरुंद आणि खाली पसरत गेलेल्या जिन्याच्या बाजूला असते, तिथे दोन रेलचा स्वीप घेतात. दोन्ही कडा आखून द्यायच्या आणि छेद त्यांच्यामध्ये ताणला जातो. रेव्हिटचा स्वेप्ट ब्लेंड दोन टोकांना दोन वेगळे छेद घेतो, पण त्याची वाट एकाच तुकड्याची असावी लागते. जीडीएलमधील ‘स्वीप’ला दर टप्प्याला पीळ आणि प्रमाण देता येते.

अचूकतेबाबत स्केचअपची गोष्ट वेगळी आहे. तिथे खरा वक्र नसतो. वर्तुळ मुळात २४ सरळ तुकड्यांचे होते. १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर तुकड्याच्या मध्याशी सुमारे ८.५ मिमीचा फरक पडतो. सादरीकरणाला तो चालतो, वेल्डिंगच्या दुकानात नाही. फॉलो मी वापरण्याआधी तुकड्यांची संख्या वाढवून घ्यावी, नंतर ती दुरुस्ती नीट होत नाही.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात आकार नेण्यासाठी आयएफसी या खुल्या मानकात स्वीपसाठी स्वतंत्र घटक आहेत. गोल छेदाच्या नळ्या आणि सळया यांच्यासाठी एक आहे. स्थिर संदर्भदिशा धरून छेद फिरवणारा घटक आयएफसी ४ मध्ये आहे, आणि हँडरेलला लागणारा दिशेचा नियम त्यात लिहून ठेवता येतो. निर्यात करताना पुष्कळदा हे घटक न वापरता आकार त्रिकोणांच्या जाळीत उतरवला जातो. तो डोळ्यांना तसाच दिसतो, पण छेद, वाट आणि दिशा तिन्ही गळून पडलेली असतात. हँडरेल ५० मिमीऐवजी ४० मिमीची करायची झाली, तर मूळ फाइल शोधून स्वीप नव्याने करावा लागतो.