घसा बसलेला मॅक

ॲपलचा जुना संगणक मॅकिंटॉश एसई/३० कपाटातून काढला, धूळ झटकली, मागचं बटण दाबलं आणि पडद्यावर आडव्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, बाकी काही नाही. आवाज नाही, तो हसरा चेहरा नाही, काही नाही. किंवा याच्या उलट, मशीन व्यवस्थित चालू होतं, चित्र मस्त, पण सुरुवातीचा तो 'टँग' इतका बारीक येतो की कान पेटीला लावावा लागतो, म्हणजे सर्दीने घसा बसलेल्या माणसासारखा. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे दोन वेगळे आजार वाटतात. मलाही वाटले होते. पण बहुतेक वेळा दोघांचं मूळ आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या (लॉजिक बोर्ड म्हणतात त्याला) त्याच चंदेरी डब्यांमध्ये सापडतं, म्हणजे कपॅसिटरमध्ये.

एसई/३० आला जानेवारी १९८९ मध्ये. ९ इंची काळा-पांढरा पडदा, आत मोटोरोला ६८०३०, साधारण १६ मेगाहर्ट्झ. लहानशा पेटीत त्या काळातला दणकट प्रोसेसर, त्यामुळे जुन्या मॅकच्या वेड्यांचा हा लाडका आणि म्हणून आजही लोक तो दुरुस्त करत बसतात. पट्ट्यांच्या त्या दृश्याला नावही आहे, 'सिमासिमॅक'. जपानीत शिमाशिमा म्हणजे पट्टेपट्टे, त्याला मॅक जोडलं.

आता चालू झाल्यावर पहिल्या सेकंदात काय होतं ते नीट बघू, कारण दुरुस्तीची अर्धी अक्कल तिथेच आहे. वीज येते तेव्हा ५ व्होल्ट लगेच स्थिर नसतात, म्हणून रिसेटची लाइन प्रोसेसरला थोडा वेळ दाबून धरते. ती सुटली की प्रोसेसर सगळ्यात आधी ८ बाइट वाचतो, पहिले ४ स्टॅक, म्हणजे प्रोसेसरची तात्पुरती टिपणवही, मेमरीत कुठे आहे ते सांगतात आणि पुढचे ४ पहिली आज्ञा कुठे आहे ते. हे ८ बाइट रॉममधून येतात, म्हणजे जिथे सुरुवातीचा प्रोग्रॅम कायमचा लिहून ठेवलेला असतो त्या चिपमधून. मग रॉममधला प्रोग्रॅम हार्डवेअरची प्राथमिक तपासणी करतो, साउंड चिपला कामाला लावतो, टँग वाजतो, मग रॅमची, म्हणजे कामापुरत्या मेमरीची, तपासणी वगैरे. म्हणजे आवाज आला तर प्रोसेसर, रॉम, क्लॉक, त्यांच्यामधल्या तारा एवढं सगळं जिवंत आहे हे फुकटात कळलं. डॉक्टर जीभ दाखव म्हणतो तसंच.

पट्ट्या का दिसतात तेही यातच आलं. एसई/३० मध्ये पडद्याचं सर्किट स्वतंत्र आहे, त्याला स्वतःची वेगळी मेमरी आहे आणि ते प्रोसेसरची वाट न बघता त्या मेमरीत जे पडलंय ते रंगवत सुटतं. प्रोसेसर चालला असता तर त्याने मेमरी पुसली असती. चालला नाही, म्हणून वीज आल्या आल्या मेमरीत जो कचरा होता तोच आपल्याला दिसतो. म्हणजे सिमासिमॅक ही पडद्याची तक्रार नाहीच. पडदा बिचारा चांगलाय म्हणून तर पट्ट्या दिसतात!

तिसरा प्रकार म्हणजे टँगनंतर वेगळेच सूर वाजतात आणि दुःखी मॅकचा चेहरा येतो, खाली ८-८ अंकांच्या दोन ओळी. घाबरू नका, ही चांगली बातमी आहे, मशीन बोलतंय तुमच्याशी. पहिल्या ओळीच्या शेवटी ०००१ असेल तर रॉममधल्या मजकुराची पडताळणीची बेरीज जुळली नाही, ०००२ ते ०००५ असेल तर रॅमकडे बघा. रॅमचे सॉकेट ८, त्यात बसणारी रॅमची एकेक पट्टी (पातळ कार्ड) ८ बिटची आणि प्रोसेसरला हवेत ३२ बिट, म्हणून पट्ट्या चार-चारच्या गटानेच लावायच्या. एक बाद झाली तर अख्खा गट बाद. काढून, धातूची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत घट्ट बसवल्या की बऱ्याचदा काम होतं. रॉमही याच्यात पट्टीवरच असतो, तोही काढून पुसून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे आणि लोक ते सोडून सोल्डरिंगला धावतात.

पण खरा गुन्हेगार ते चंदेरी डबे, म्हणजे सरफेस माउंट इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. बहुतेक ४७ मायक्रोफॅराड, १६ व्होल्टचे. आत ॲल्युमिनियमची गुंडाळी, त्यात ओलसर द्रावण आणि खाली रबराचं बूच. १९८० च्या दशकाच्या शेवटी या छोट्या डब्यांमध्ये क्वाटर्नरी अमोनियम क्षाराचं द्रावण वापरायला लागले, कारण त्याने कपॅसिटर चांगला चालायचा. पण हेच द्रावण ऋण टोकाकडे अल्कलीसारखं होऊन रबराची वाट लावतं आणि मग बारीक बारीक पाझरत बोर्डावर उतरतं. २००० च्या आसपास मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर आठवतात ना, ते प्रकरण वेगळं, तिथे डबे फुगून फुटायचे. इथे फुगत बिगत नाहीत, बाहेरून गोंडस दिसतात. फक्त आजूबाजूचं सोल्डर निस्तेज राखाडी झालेलं असतं. आणि खात्री करायचीच असेल तर सोल्डरिंग आयर्न टेकवा, बोंबील भाजल्यासारखा वास येतो. गंमत नाही, माशाचा वास ज्या अमाइनमुळे येतो त्याच घराण्यातली रसायनं इथे तापून बाहेर पडतात. पहिल्यांदा आला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बघून आलो होतो.

आता याचा आवाजाशी काय संबंध? साउंड चिप जो सिग्नल काढते तो एका स्थिर व्होल्टेजवर स्वार झालेला असतो. स्पीकरला ते स्थिर व्होल्टेज नको, फक्त त्यातली थरथर हवी. कपॅसिटर नेमकं हेच करतो, स्थिर अडवतो, थरथर पुढे सोडतो. पण किती खालच्या सुरापासून सोडायचं हे त्याच्या क्षमतेवर ठरतं. समजा ४७ मायक्रोफॅराडपुढे ३२ ओहमचा हेडफोन आहे, तर गणित येतं साधारण १०६ हर्ट्झ, त्याच्या वरचं सगळं मोकळेपणाने जातं. द्रावण आटून तोच कपॅसिटर १ मायक्रोफॅराडवर आला की ही सीमा ५००० हर्ट्झच्या आसपास जाते, म्हणजे संगीतातला बहुतेक भाग दारातच अडला आणि पलीकडे गेली ती फक्त चिरचिर. म्हणून आवाज नुसता कमी होत नाही, पातळही होतो, टिनाच्या डब्यातून आल्यासारखा.

आणि चालू न होण्याशी? तोच पाझर. द्रावण चिपांच्या पायाखाली शिरतं, ओलं असेपर्यंत जिथे वीज जायला नको तिथे थोडी थोडी जाऊ देतं आणि वर्षानुवर्षं बसून केसासारख्या बारीक तांब्याच्या रेषा खातं, त्या रिसेटच्या असतील किंवा ॲड्रेसच्या, म्हणजे मेमरीतली कुठली जागा वाचायची ते सांगणाऱ्या. एक रेषा तुटली की पहिल्या ८ बाइटांच्या जागी प्रोसेसरला भलतंच काहीतरी वाचायला मिळतं आणि पट्ट्या. म्हणूनच बोर्ड नुसता धुतल्यावर काही दिवस चालतो आणि लोकांना वाटतं जमलं. जमलेलं नसतं. डबे अजून पाझरतायत.

दुरुस्तीचं माझं मत थोडं कडक आहे. आधी पेटी उघडताना सावध, दोन स्क्रू हँडलच्या खोल भोकात असतात त्यासाठी लांब दांड्याचा टी-१५ लागतो आणि आत पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट राहू शकतात, ट्यूबच्या रबरी टोपीला हात लावायचा नाही, डिस्चार्ज कसा करतात ते जाणत्या माणसाकडून प्रत्यक्ष शिकल्याशिवाय तर नाहीच. मग बोर्डावरची ३.६ व्होल्टची लिथियमची, अर्ध्या एए सेलएवढी बॅटरी काढा, आत्ताच काढा, ती फुटली तर कपॅसिटरचा पाझर म्हणजे गंमत वाटेल. एसई/३० तिच्याशिवाय चालू होतो, फक्त घड्याळ आणि काही सेटिंग्ज विसरतो. डबे पक्कडीने पिळून काढायची पद्धत आहे, मला ती अजिबात आवडत नाही, खालचे पॅड, म्हणजे सोल्डर लागतं ते तांब्याचे तुकडे, आधीच कमजोर असतात आणि एक उचकटला की तासभर जंपर वायर, म्हणजे तुटलेल्या जोडणीऐवजीची तार, ओढत बसायचं. हॉट एअर किंवा दोन आयर्न घ्या.

नवीन लावताना एक सापळा. जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्यावर काळी पट्टी असते ती ऋण बाजू. त्याजागी बरेच जण टँटलम या धातूचे कपॅसिटर लावतात, त्यावर पट्टी असते ती धन बाजू! सवयीने पट्टीला पट्टी जुळवली की टँटलम उलटा बसतो आणि चक्क पेट घेऊ शकतो, धुरासकट. बोर्डवर धनाची खूण कुठे आहे ते फोटो काढून ठेवा, मगच जुना काढा.

सगळं काढल्यावर, नवीन लावायच्या आधी बोर्ड घासायचा. जुना टूथब्रश, अल्कोहोल, मग डिस्टिल्ड वॉटर आणि एक-दोन दिवस वाळवणं. मग मल्टिमीटर बीपवर टाकून पाझर झालेल्या भागातल्या रेषा एकेक तपासायच्या, कंटाळवाणं आहे पण सिमासिमॅक इथेच पकडला जातो. चालू केल्यावर ५ व्होल्टची लाइनही मोजा, ती ४.८ च्या खाली रेंगाळत असेल तर दोष पॉवर सप्लाय किंवा ॲनालॉग बोर्डात (पडदा चालवणाऱ्या वेगळ्या बोर्डात) असेल आणि तुम्ही उगाच लॉजिक बोर्डाला शिव्या देताय.

माझा बोर्ड हे सगळं करून टँग करून उठला, पण हेडफोनमध्येच, पेटीतला स्पीकर गप्प. नवे कपॅसिटर परत काढायला निघालो होतो. मग सहज हेडफोनच्या जॅकमध्ये पिन वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर केली, कारण पिन घातली की आतला स्पीकर बंद होतो, आणि ३० वर्षं कुणी न वापरलेले ते संपर्क काळे पडून पिन कायमची आत आहे असंच समजून बसले होते. पुढच्या वेळी बटण दाबलं तेव्हा शेजारच्या खोलीतून "काय पडलं रे?" असं विचारलं गेलं.