लहान ट्यूबासाठी माउथपीस निवडताना

ई फ्लॅट, एफ किंवा शाळेच्या बँडमधला तीन-चतुर्थांश आकाराचा बी फ्लॅट, ट्यूबाच्या, म्हणजे बँडमधल्या खर्जाच्या मोठ्या पितळी वाद्याच्या, या तिन्ही प्रकारांना हे माहितीपत्रक लागू आहे. माउथपीस घ्यायला आलेले वादक आधी वाटीचा, म्हणजे ओठ टेकतात त्या पोकळ भागाचा, आकार विचारतात. आमचा आग्रह आहे की आधी शँक बघा, म्हणजे वाद्यात जाणारी खालची निमुळती नळी. ती नीट बसली नाही तर वाटी कितीही उत्तम असली तरी उपयोग नाही.

शँकचे माप

ट्यूबाच्या शँकमध्ये बाजारात मुख्यतः तीन मापे मिळतात. टोकाचा बाहेरचा व्यास लहान शँकचा सुमारे 12.4 मिमी, अमेरिकन स्टँडर्डचा सुमारे 13.2 मिमी आणि युरोपियन शँकचा सुमारे 14 मिमी असतो. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या ई फ्लॅट ट्यूबांना पुष्कळदा लहान शँक लागतो. पण वाद्याच्या नावावरून किंवा वयावरून अंदाज बांधू नका. एकदा-दोनदा डागडुजी झालेल्या वाद्याचा रिसीव्हर, म्हणजे माउथपीस जिथे बसतो तो भाग, बदललेला असू शकतो. मोजायचे ते हातातल्या वाद्याचे.

शँकचा उतार साधारण 20 मिमी लांबीला 1 मिमी असतो. म्हणजे व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी माउथपीस 10 मिमी जास्त आत जातो किंवा तेवढाच बाहेर राहतो. साधारण 20 ते 30 मिमी आत गेला तर बैठक ठीक समजावी. फार आत गेला तर शँकचे टोक लीडपाइपच्या, म्हणजे रिसीव्हरपुढच्या पहिल्या नळीच्या, तोंडावर आदळते आणि बाजू सैल राहतात. फार बाहेर राहिला तर आत रिकामी पोकळी उरते. ई फ्लॅट ट्यूबाची नळी जवळपास 4 मीटर लांब असते, त्यामुळे 10 मिमीने एकूण सूर 4 सेंटच्या आसपासच उतरतो (1 सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). खरा त्रास वेगळाच होतो : वरचे सूर डळमळतात आणि हल्ला, म्हणजे सुराची सुरुवात, स्वच्छ येत नाही.

घरी तपासायचे असेल तर माउथपीस जोर न लावता आत सोडा, रिम, म्हणजे वाटीची ओठांना लागणारी कड, दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. टकटक जाणवली तर उतार जुळत नाही. नेमकी जागा हवी असेल तर शँकवर मऊ पेन्सिलने चार उभ्या रेघा ओढा, माउथपीस आत घालून अर्धा फेरा फिरवा आणि बाहेर काढा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर बैठक चांगली. फक्त टोकाशी किंवा फक्त वरच्या बाजूला पुसल्या गेल्या तर तेवढ्याच कड्यावर तो टेकतो आहे. फार आत जाणाऱ्या शँकवर साध्या झेरॉक्स कागदाचा एक थर गुंडाळून वाजवून बघा. कागद जेमतेम 0.1 मिमी जाड, व्यास वाढतो 0.2 मिमी, आणि माउथपीस सुमारे 4 मिमी बाहेर येतो. वाजवण्यात लगेच सुधारणा झाली तर तुम्हाला मोठा शँक हवा आहे. कागद मात्र चाचणीपुरताच. घामाने आणि वाफेने तो भिजतो, चिकटतो, आणि वरातीत ऐनवेळी माउथपीस निघत नाही.

वाटी : मोठी म्हणजे चांगली नव्हे

ट्यूबाच्या माउथपीसचा आतला व्यास साधारण 30 ते 34 मिमी असतो. युफोनियमचा, म्हणजे ट्यूबाच्या लहान भावंडाचा, 25-26 मिमी. आपल्याकडे ट्यूबावर येणारे बरेच वादक युफोनियमवरून येतात, त्यांनी एकदम 33 मिमीवर उडी मारू नये. ओठांचे स्नायू तेवढ्या जागेत आवळून धरायला शिकलेले नसतात. सूर फाटतो आणि अर्ध्या तासात ओठ सुन्न होतात. 30 ते 31.5 मिमी, मध्यम खोली, ही सुरुवात आम्ही सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांनाही हेच. युफोनियमचाच माउथपीस अडॅप्टर लावून ट्यूबात वापरण्याचा मोह टाळा. त्याची वाटी इतकी लहान असते की वरचे सूर चढतात आणि खर्जाला अंग उरत नाही.

व्यासाइतकेच वाटीच्या खोलीला आणि घडणीला महत्त्व आहे. गोल तळाची वाटी सूर ठसठशीत देते. नरसाळ्यासारखी सरळ उतरणारी वाटी, हेलेबर्ग नावाच्या नमुन्याच्या घराण्यातली, रुंद आणि गडद आवाज देते. लहान ट्यूबावर खोल नरसाळे लावले की गडबड होते. वाटीची पोकळी जितकी मोठी तितके वरचे सूर खालच्यांच्या मानाने जास्त उतरतात, आणि आवाजाची धारही जाते. ई फ्लॅटचे काम बँडमध्ये चाल स्पष्ट ठेवण्याचे. ढोल-ताशाच्या शेजारी मऊ, गडद आवाज ऐकूच येत नाही. रस्त्यावर वाजवणाऱ्यांनी मध्यम खोलीची गोल वाटी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. चर्चमध्ये किंवा बंद सभागृहात वाजवणाऱ्याला थोडी खोल वाटी शोभेल.

वाटीच्या तळाचे भोक 7.5 ते 8.5 मिमीच्या दरम्यान असते. लहान भोक दम वाचवते, मोठे भोक मोकळा आवाज देते पण दम खाते. ड्रिलने भोक मोठे करून आणू नका, ते परत लहान होत नाही.

रिम रुंद असली तर दोन तासांच्या मिरवणुकीत ओठ टिकतात, पण मोठ्या उड्या घेताना लवचिकपणा थोडा कमी होतो. आतली कड टोकदार असेल तर सुराची सुरुवात नेमकी होते, गुळगुळीत असेल तर आराम मिळतो.

आकड्यांनी फसू नका. बाख आणि डेनिस विक यांच्यात आकडा वाढला की वाटी लहान होते, शिल्केमध्ये उलट. बाख 18 सुमारे 32.5 मिमी, 24एडब्ल्यू सुमारे 31.25 मिमी. वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना मिलिमीटरमध्येच करा.

वाजवून बघताना

पहिली पाच मिनिटे जुन्या माउथपीसवर वाजवा, मग नवा लावा. ट्यूनर समोर ठेवा, पण आधी न बघता सूर लावा आणि मग काटा बघा, नाहीतर ओठ नकळत सूर दुरुस्त करतात. आठ मात्रांचे लांब सूर, मग वॉल्व्ह न दाबता खालून वर एकेक पायरी, मग अगदी हळू आवाजात खर्ज. हळू खर्ज बोलला नाही तर तो माउथपीस सोडून द्या. दोन गोष्टींचा दोष मात्र माउथपीसवर टाकू नका. वॉल्व्ह न दाबता येणारा पाचवा हार्मोनिक, म्हणजे खालून पाचव्या पायरीचा नैसर्गिक सूर, ई फ्लॅटवर जी, निसर्गतःच सुमारे 14 सेंट उतरलेला असतो. आणि तीन वॉल्व्हच्या वाद्यावर पहिला-तिसरा किंवा तिन्ही एकत्र दाबले की सूर चढतोच.

नागपूरचा उन्हाळाही हिशेबात धरा. वाद्यातली हवा 1 अंशाने तापली की सूर जवळपास 3 सेंट चढतो. एसीत जुळवलेला ट्यूबा मे महिन्याच्या दुपारी चढा लागला तर ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, ओढा, माउथपीस बाहेर ओढून ठेवू नका.

प्लेटिंग आणि निगा

चांदीचे प्लेटिंग ओठाला मानवते, काळे पडले तरी आवाज बिघडत नाही. निकेलची काहींना ॲलर्जी असते, ओठाभोवती खाज किंवा पुरळ आले तर लगेच बदला. प्लेटिंग उडून पितळ उघडे पडले असेल तर पुन्हा प्लेटिंग करून घ्या. प्लास्टिकचा माउथपीस डिसेंबरच्या पहाटे गार लागत नाही आणि उन्हात चटका देत नाही. आवाजाची धार थोडी कमी वाटते, पण जादाचा म्हणून पेटीत असावा.

आठवड्यातून एकदा कोमट पाणी, साबण आणि माउथपीसचा ब्रश. चिंच, राख, पितळेची भांडी घासायची पावडर चांदीवर नको. खर्रा खाऊन वाजवणाऱ्यांना कळकळीची विनंती : निदान चूळ भरून वाजवा. सुपारीचा चुरा भोकाच्या खाली अडकतो, थर जमतो आणि भोक हळूहळू अरुंद होते.

माउथपीस तळहाताने ठोकून बसवू नका. अडकला तर पक्कड लावू नका, पिळल्याने लीडपाइपचे झाळकाम सुटते. पुलरने, म्हणजे माउथपीस काढायच्या खास अवजाराने, तो दोन मिनिटांत निघतो. पडून शँकचे टोक चेपले असेल तर हवा गळते. ते निमुळत्या सळईवर पुन्हा गोल करता येते, फेकून देऊ नका.

दुकानात येताना वाद्य, सध्याचा माउथपीस आणि शक्य असल्यास ट्यूनर सोबत आणा. शँक आम्ही कॅलिपरने तुमच्यासमोर मोजून देतो. लगीनसराईत गर्दी असते, तेव्हा सकाळी लवकर या, म्हणजे निवांत वाजवून बघता येईल.