वाडा मोजला म्हणजे सरकारजमा झाला?

जुन्या नाशकात हा समज घट्ट बसलाय: वाड्याची मापं घेऊ दिली की वाडा गेला. साफ चूक! ही मोजणी म्हणजे जुन्या वास्तूची फक्त कागदावरची नोंद असते: नकाशा, छेद (वास्तू उभी कापली तर आत कशी दिसेल त्याचं चित्र), दर्शनी चित्र, फोटो. त्यानं मिळकत पत्रिकेवरचं नाव बदलत नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित झालेली वास्तूसुद्धा खासगी मालकीची राहू शकते.

मोजताना खोलीचे कर्णही घेतात, कारण जुनी खोली क्वचितच नेमकी काटकोनात असते. सागवानी खांब, त्याखालचा दगडी तळखडा, तुळईचा सांधा, विटेची जाडी, अगदी भिंतीतला कोनाडासुद्धा टिपतात. उद्या पावसात भिंत ढासळली, तर ती मूळ मापात उभी करायला हेच कागद लागतील. मोजणाऱ्यांना माडीवरही जाऊ द्या.