पाव ग्रॅम गॅस आणि अडलेला काटा

"गॅसमुळे वजन वाढलंय" हे वाक्य डाएटवर असलेल्या माणसांच्या तोंडी हमखास ऐकू येतं. त्याचा हिशेब आधी उरकून टाकू. आपल्या आतड्यात एका वेळी साधारण 200 मिलिलिटर वायू असतो. एक लिटर हवेचं वजन जेमतेम सव्वा ग्रॅम, म्हणजे 200 मिलिलिटरचं पाव ग्रॅम. त्यात हायड्रोजन जास्त असेल तर आणखी कमी. न्हाणीघरातल्या काट्याला तो कळणारसुद्धा नाही.

म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. चित्र बहुतेक घरांत सारखंच असतं. मैदा बंद, रात्री भाताऐवजी वाटीभर उसळ, चार वाजता सफरचंद, साखरेच्या जागी शुगर-फ्री, कोशिंबिरीत कच्चा कांदा, रोज तासभर चालणं. पहिल्या पंधरवड्यात दीड-दोन किलो उतरतात आणि मग काटा हलायचं नाव घेत नाही. वर सकाळी सपाट असलेलं पोट संध्याकाळी असं तट्ट होतं की पँटचं बटण सोडावं लागतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच बदलातून एकाच वेळी सुरू झाल्या म्हणून जुळ्या वाटतात, एवढंच.

आधी पोट. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज या जातीच्या शर्करा असतात. त्यांतला एक विशिष्ट बंध तोडायला अल्फा-गॅलॅक्टोसायडेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं, आणि आपल्या लहान आतड्यात ते नाही. कांदा, लसूण आणि गव्हातल्या फ्रुक्टान या शर्करेची गतही तीच. या शर्करा न पचता मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांवर तुटून पडतात. आंबवण्याच्या या क्रियेत हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. मानवी पेशी हायड्रोजन वायू बनवत नाहीत, त्यामुळे आपल्या श्वासात सापडणारा हायड्रोजन जिवाणूंचाच. 'हायड्रोजन ब्रेथ टेस्ट' यावरच चालते. "गॅस डोक्यात चढला, पाठीत भरला" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. आतड्यातला वायू पाठीत जाऊन बसत नाही. त्यातला काही भाग रक्तात विरघळून फुफ्फुसांतून बाहेर पडतो, त्याचा प्रवास एवढाच. छातीत दुखत असताना मात्र "गॅस असेल" म्हणून सोडा पिऊन बसू नये, हृदयविकाराचा झटकाही तसाच वाटू शकतो.

काहींच्या आतड्यात आणखी एक पाहुणा असतो, मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथाय. हा जिवाणू नव्हे, आर्किया या वेगळ्याच गटातला सूक्ष्मजीव. तो हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक घेऊन मिथेनचा एक रेणू आणि पाणी बनवतो. पाच घनफळ वायूचं एक घनफळ होतं! म्हणजे मिथेनवाल्यांचं पोट कमी फुगायला हवं. प्रत्यक्षात मिथेन आतड्याची सरक मंदावतो, बद्धकोष्ठता आणि श्वासातला मिथेन यांची जोडी वारंवार दिसते, आणि तुंबलेल्या आतड्यात थोडा वायूही जास्त छळतो.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. गंमत पुढे आहे. पोट फुगतं त्यांच्या पोटात वायू खरोखर जास्त असतो का? अमेरिकेत मायकेल लेविट आणि सहकाऱ्यांनी 1975 साली हे मोजून पाहिलं. लहान आतड्यात आर्गॉन हा निष्क्रिय वायू सोडून आतला सगळा वायू बाहेर धुऊन काढला. गॅसची तक्रार असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांत वायू जवळपास सारखाच निघाला. डॉक्टरांनी यावरून पुष्कळ वर्षं सोयीचा अर्थ काढला: तक्रार मनाची आहे. पण टेप घेऊन मोजलं तर घेर काही सेंटिमीटरने वाढलेला दिसतोच. मग वायू वाढला नाही तर पोट वाढलं कशाने?

उत्तर स्पेनमधून आलं. बार्सिलोनाच्या वाल द'हेब्रोन रुग्णालयातल्या फर्नांडो आस्पिरोस यांच्या गटाने लोकांच्या मोठ्या आतड्यात मिनिटाला 24 मिलिलिटर या वेगाने तासभर वायू सोडला, म्हणजे जवळजवळ दीड लिटर, आणि त्या वेळी पोटाच्या व छातीच्या स्नायूंची विद्युत हालचाल नोंदवली. निरोगी माणसात काय झालं? श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा स्नायू, सैल पडून वर सरकलं, आणि पोटाची पुढची भिंत किंचित आवळली. जादा वायूला वर जागा मिळाली, घेर फारसा वाढला नाही. पोट फुगण्याची तक्रार असलेल्यांत नेमकं उलटं. श्वासपटल आकुंचन पावून खाली आलं आणि पोटाच्या भिंतीतला एक तिरपा स्नायू ढिला पडला. तक्रार उसळलेली असताना काढलेल्या सीटी स्कॅनमध्येही तेच दिसलं: वायूत किरकोळ वाढ, पण श्वासपटल खाली.

हे समजायला अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी तळहातावर आडवी ठेवा. वरून दुसऱ्या हाताने दाबा. पिशवी बाजूंनी फुगते, दूध तेवढंच. पोटात दाबणारा हात म्हणजे श्वासपटल. मागे कणा आहे, खाली कटीचं हाड आहे, तेव्हा मोकळी बाजू एकच उरते, पुढची. ती ढिली सोडली की आतड्यांचा सगळा पसारा पुढे येतो आणि आरशात पाच महिन्यांचं पोट दिसतं.

हे कुणी मुद्दाम करत नाही. आतड्याच्या संवेदना तीव्र असलेल्या माणसात थोडासा ताणही मेंदूपर्यंत 'जागा कमी पडतेय' असा पोचतो आणि स्नायू चुकीचा प्रतिसाद देतात. शर्करा आंबल्या, वायू थोडा वाढला, तेवढं निमित्त पुरतं. रात्री झोपेत हा प्रतिसाद थंडावतो, म्हणून सकाळी पोट जागेवर. चरबी अशी रात्रीत येत-जात नाही. 'पोटाची चरबी' म्हणून घाबरलेल्या कित्येकांचा प्रश्न हा असतो, आणि ते आणखी उसळ, आणखी सॅलड खाऊन तो वाढवत असतात.

प्रतिसाद शिकता येतो तसा विसरताही येतो. दवाखान्यात बायोफीडबॅकने, पडद्यावर स्नायूंच्या लहरी दाखवून, हे शिकवतात. घरची आवृत्ती सोपी आहे. पाठ टेकून बसा, एक हात बेंबीखाली. श्वास सावकाश, अगदी भात्यातली हवा काढावी तसा, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा, आणि सोडताना बेंबीखालची भिंत अलगद आत जाऊ द्या. पुढचा श्वास उथळच घ्या, आणि बरगड्या उचलू नका. जेवणाआधी आणि नंतर पाच-पाच मिनिटं. नेहमीची चूक म्हणजे पोट जड झालं की छाती भरून दीर्घ श्वास घेणं. त्याने श्वासपटल आणखी खाली ढकललं जातं.

आता स्वयंपाकघर, कारण निमित्तही कमी करायला हवं. कडधान्य रात्रभर भिजवा आणि ते पाणी टाकून द्या, त्यात विद्राव्य शर्करा उतरलेल्या असतात. मोड येऊ दिले तर अधिक बरं. अंकुरताना बी स्वतःच्या खुराकासाठी रॅफिनोज वापरून टाकतं आणि त्याच्याकडे ते विकर असतं, जे आपल्याकडे नाही. अर्धा इंच मोड आलेली मटकी म्हणजे अर्धवट पचवून दिलेली मटकी. पण तीच कच्ची, वाटी भरभरून खाल्ली तर फायदा गेला. पुरणपोळीच्या दिवशी हाच न्याय लावून बघा: हरभऱ्याच्या डाळीतलं बरंच काही कटात उतरतं, आणि आपण कटाची आमटी करून तेही पितो. पुरणाला उगाच दोष.

लसणाचं फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. अख्ख्या पाकळ्या तेलात तांबूस परतून काढून टाकल्या तर स्वाद उरतो, फ्रुक्टान जातं. रश्श्यात शिजवून फोडी बाजूला सारल्या तर मात्र काही उपयोग नाही, ते रश्श्यात उतरलेलं असतं. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग चालतो. हिंग घालाच, पण बाजारातल्या डबीतल्या पुडीत बहुधा गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा वेष्टण वाचा. 'शुगर-फ्री' च्युइंगगम आणि प्रोटीन बारवरच्या घटकांच्या यादीत आयएनएस (अन्नात मिसळलेल्या पदार्थाचा क्रमांक) 420 म्हणजे सॉर्बिटॉल आणि 965 म्हणजे माल्टिटॉल. दोन्ही लहान आतड्यात अर्धवटच शोषले जातात. सफरचंदातही सॉर्बिटॉल असतो. 'हाय फायबर' बारमध्ये बहुतेक वेळा चिकोरीचं इन्युलिन असतं, तेही फ्रुक्टानच. त्यापेक्षा इसबगोल बरं, ते फार कमी आंबतं. चमचाभर, पण पेलाभर पाण्याबरोबर.

दुधाच्या 200 मिलिलिटरच्या पेल्यात साधारण 10 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. ते न पचणाऱ्यांपैकी बरेच जण एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत सोसतात. म्हणून चहातलं दूध सहसा निर्दोष, आणि रात्रीचा मोठा मग गुन्हेगार. दही-ताक सोपं जातं, कारण त्यातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच खातात.

गुन्हेगार शोधताना घड्याळ मागे न्यावं लागतं. अन्न मोठ्या आतड्याच्या तोंडाशी पोचायला साधारण दोन ते सहा तास लागतात. दुपारी एकच्या उसळीचा वायू संध्याकाळी पाचला सुरू होतो आणि दोष जातो पाचच्या चहाला. शिवाय नवा घास पोटात पडला की आधीचं अन्न पुढे सरकतं. म्हणून दोन आठवडे कांदा-लसूण, कडधान्यं, दूध, सॉर्बिटॉल यांना सुट्टी द्या, तांदूळ-ज्वारीवर राहा, आणि मग एकेक वस्तू परत आणा: पहिल्या दिवशी पाव वाटी, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी वाटीभर, मग दोन दिवस विश्रांती. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने लोकप्रिय केलेल्या फॉडमॅप (आतड्यात आंबणाऱ्या शर्करा टाळणाऱ्या) आहाराचा गाभा हाच. परत आणण्याची पायरी गाळून लोक कायमचं पथ्य पाळत बसतात, आणि त्याने आतड्यातले उपयोगी बायफिडोबॅक्टेरिया कमी होतात.

'डिटॉक्स' चहाबद्दल एकच. त्यात बहुधा सोनामुखी असते. तिने मळ आणि पाणी जातं, काटा किलोभर उतरतो, दोन दिवसांत परत येतो. चरबीला तिचा पत्ताही नसतो. 200 पदार्थांची 'इन्टॉलरन्स' रक्ततपासणीही तशीच. त्यातला आयजीजी, म्हणजे रक्तातलं एक प्रतिपिंड, एवढंच सांगतो की तुम्ही तो पदार्थ खाता.

आता काटा. स्नायू आणि यकृत मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, ठेवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी. खाणं आवळलं की हा साठा घटतो. पहिल्या पंधरवड्यातले ते दीड-दोन किलो बरेचसे असेच उतरले होते. पुढे खरी घट दिसायची तर हिशेब मुंगीच्या पावलांचा असतो. रोज 300 कॅलरींची तूट म्हणजे आठवड्याला 2100, आणि किलोभर चरबीला साधारण 7700 लागतात. म्हणजे आठवड्याला पाऊणशेर नव्हे, जेमतेम 270 ग्रॅम. उलट एक लिटर सलाइनमध्ये 9 ग्रॅम मीठ असतं. लग्नाच्या पंगतीत पापड-लोणच्यासकट तेवढं जादा मीठ गेलं तर मूत्रपिंडं ते काढून टाकेपर्यंत शरीर लिटरभर पाणी धरून ठेवू शकतं. महिन्याची चरबी एका जेवणाने झाकली जाते. पाळीआधीचं पाणी वेगळंच.

म्हणून वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी घ्यावं आणि सात दिवसांची सरासरी चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडावी. स्त्रियांनी पाळीचा तोच दिवस धरून. कंबरही सकाळीच मोजावी. संध्याकाळचा टेप श्वासपटल मोजतो.

एवढं करूनही सरासरी हलत नसेल तर तूटच नाही. हे कडू आहे, पण मोजलेलं आहे. 1992 साली न्यूयॉर्कमध्ये 'काही खात नाही तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या दहा जणांचा ऊर्जेचा खर्च खुणेचे अणू असलेलं पाणी पाजून तपासला. चयापचय ठीक होता. ते खाणं सरासरी 47 टक्के कमी आणि व्यायाम 51 टक्के जास्त सांगत होते. खोटेपणाने नव्हे, अंदाज चुकतो म्हणून. आपल्याकडे अंदाज चुकण्याची जागा म्हणजे फोडणी. चार माणसांच्या घरात महिन्याला 5 लिटर तेल संपत असेल तर दरडोई रोज 38 ग्रॅम, म्हणजे सुमारे 345 कॅलरी. डबा 3 लिटरवर आणला की प्रत्येकाचे जवळपास 140 कॅलरी कमी, ताटातला एकही पदार्थ न बदलता. गुळाने काही वाचत नाही, त्याची ऊर्जा साखरेच्या आसपासच.

काही वेळा मात्र घरगुती तपास थांबवावा. पन्नाशीच्या आसपासच्या बाईचं पोट नव्याने आणि सतत फुगत असेल तर अंडाशयाची सोनोग्राफी लांबणीवर टाकू नये. शौचातून रक्त, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, न करता उतरणारं वजन, यांनाही तीच घाई. थायरॉइडसाठी टीएसएच करून घ्यावा. आणि गव्हाचा संशय असेल तर पोळी बंद करायच्या आधी सीलिअॅकची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करावी. सीलिअॅक म्हणजे ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनाने आतडं दुखावणारा आजार. ग्लूटेन सोडल्यावर रक्तातली त्याची प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, अहवाल नॉर्मल येतो आणि खरा आजार निसटतो. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे रोज पोळी खावी लागते.