प्रगत विज्ञान-गणित वर्गांसाठी सीएसआर निधी : पुणे जिल्ह्यातील शाळांनी अर्ज कसा करावा

पुण्यात विज्ञान आणि गणित वरच्या पातळीवर शिकवणाऱ्यांची वानवा नाही. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे, विद्यापीठाच्या आवारात आयुका हे खगोलशास्त्राचे केंद्र आहे, एरंडवण्यात १९७६ साली सुरू झालेले भास्कराचार्य प्रतिष्ठान हे गणिताचे केंद्र आहे आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तरीही भोर किंवा शिरूर तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेत नववीच्या मुलीला संख्या सिद्धांताची दोन प्रकरणे पाठ्यपुस्तकापलीकडे शिकायची असतील, तर तिच्यासाठी वेळापत्रकात तासिका नसते, आणि तासिका काढली तरी शिकवणाऱ्याच्या मानधनाची तरतूद नसते. ही तरतूद ज्या मार्गांनी होऊ शकते, त्यांपैकी कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी, म्हणजे ज्याला सारे सीएसआर म्हणतात तो, पुणे जिल्ह्यातील शाळांच्या सर्वांत जवळचा आहे.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारे मूल्य) ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, किंवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम कायद्याच्या सातव्या अनुसूचीतील कामांवर खर्च करावयाची असते. शिक्षणाचा प्रसार हे त्यांपैकी एक काम आहे. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही हेच कलम सांगते. चाकण, रांजणगाव, तळेगाव, भोसरी आणि हिंजवडी यांच्या आसपासच्या शाळांनी अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात शाळेपासून कारखान्याचे किंवा कार्यालयाचे अंतर किलोमीटरमध्ये लिहावे, असे मी आग्रहाने सांगतो, ते यासाठीच.

कोण पात्र आहे

अर्ज शाळेच्या नावाने गेला, तरी निधी घेणारी आणि कायद्यापुढे उत्तरदायी असणारी असते ती शाळा चालवणारी संस्था. ती सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी असावी, तिच्याकडे प्राप्तिकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी असावी, आणि अशाच स्वरूपाच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव तिच्या गाठीशी असावा. या तिन्ही गोष्टींच्या आधारे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ‘सीएसआर-१’ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून या क्रमांकाशिवाय कोणतीही कंपनी संस्थेमार्फत प्रकल्प राबवू शकत नाही. अर्जावर संस्थेच्या अधिकृत पदाधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी लागते आणि सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल (कॉस्ट अकाउंटंट) यांपैकी व्यवसाय करणाऱ्या एकाचे प्रमाणीकरण लागते.

महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना हा क्रमांक स्वतः घेण्याची गरज सहसा पडत नाही. कंपनी तेथे स्वतः काम करू शकते, किंवा नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत करू शकते. या शाळांसाठी आणि अनुदानित शाळांसाठी शिक्षण मंत्रालयाचे विद्यांजली हे संकेतस्थळही २०२१ पासून उपलब्ध असून तेथे यू-डायस क्रमांकाने, म्हणजे शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाने, नोंदणी करून शाळेची गरज मांडता येते. मात्र मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी करून घ्यावा.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. केवळ त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना लाभ मिळेल, असा वर्ग सीएसआरमध्ये बसत नाही. आणि वर्ग विनाशुल्क असावा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई केलेली आहे. त्यामुळे शाळेच्याच शिक्षकांकडून जादा तासिका घेणार असल्यास त्या शाळेत, शाळेच्या वेळापत्रकाचा भाग म्हणून आणि पालकांकडून एक रुपयाही न घेता व्हाव्यात, आणि तसे पत्र शिक्षणाधिकाऱ्यांना देऊन त्याची पोच फाइलला लावावी.

कागदपत्रे

संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीचा म्हणजे परिशिष्ट एकचा अद्ययावत उतारा, घटना, पॅन, १२ए आणि ८०जीचे चालू आदेश, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, सीएसआर नोंदणी क्रमांकाचे पत्र, बँकेचा रद्द केलेला धनादेश, शाळेची मान्यता, यू-डायस क्रमांक, शिक्षकांची पात्रतेसह यादी आणि कार्यकारी मंडळाचा ठराव, एवढे कागद बहुतेक ठिकाणी मागतात. यांतला अडणारा कागद जवळजवळ नेहमी परिशिष्ट एकचा उतारा असतो. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची माहिती, धर्मादाय कार्यालयात दाखल करावयाचा असतो. तो दाखल झालेला नसेल किंवा निर्णयाविना पडून असेल, तर उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहतात आणि ठरावावर सह्या मात्र नव्यांच्या असतात. कंपनीचा विधी विभाग तिथेच थांबतो, आणि त्याचे थांबणे योग्यच असते.

नावातील फरकही तितकाच महाग पडतो. एका संस्थेची कागदपत्रे मी स्वतः लावून दिली होती. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘शिक्षण प्रसारक मंडळ’ असे होते आणि पॅनवर ‘मंडळी’. एका वेलांटीसाठी पॅनची दुरुस्ती, त्यानंतर बँकेतील दुरुस्ती आणि त्यानंतर नवा अर्ज, यात दोन महिने गेले, ३१ मार्च उलटला, आणि त्या वर्षीचा निधी दुसऱ्या शाळेला मिळाला. मुलांची यादी तयार होती, शिकवायला येणारे निवृत्त प्राध्यापक ठरले होते. तेव्हापासून मी कोणत्याही संस्थेत गेलो, तर प्रकल्पाचे बोलण्याआधी सर्व कागद टेबलावर मांडून नावाची अक्षरे एकेक करून ताडून पाहतो.

प्रस्तावात काय मागावे

बहुतेक शाळांचे प्रस्ताव वस्तूंनी सुरू होतात आणि वस्तूंवरच संपतात. त्यांत स्मार्ट बोर्ड, दुर्बीण, रोबोटिक्सचे संच आणि रंगवलेली प्रयोगशाळा असते. मी अशा किती तरी प्रयोगशाळा पाहिल्या आहेत, जिथे स्क्रू गेज आणि वर्निअर कॅलिपर तेल लावून पेटीत ठेवलेले असतात आणि पेटीची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असते. दहावीच्या मुलांनी ती उपकरणे एकदाही हाताळलेली नसतात, कारण त्यांच्यासोबत तासभर उभे राहणारे कोणी नसते. म्हणून माझे ठाम मत आहे की प्रस्तावाचा पाया शिक्षकाची तासिका हा असावा आणि उपकरणांची यादी तासिकांच्या मागोमाग यावी.

समजा, नववी आणि अकरावीच्या प्रत्येकी एका गटासाठी आठवड्याला सहा जादा तासिका घ्यावयाच्या आहेत, तीन गणिताच्या आणि तीन विज्ञानाच्या. वर्षात ३६ कामाचे आठवडे धरले, तर एका गटाच्या २१६ आणि दोन गटांच्या ४३२ तासिका होतात. तासिकेला ५०० रुपये मानधन धरले, तर २ लाख १६ हजार रुपये होतात. हा आकडा अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहावा. त्याखाली प्रयोगाचे साहित्य, पुस्तके, आयुका किंवा खोडदला एक दिवसाची भेट आणि आरंभी व अखेरी घ्यावयाच्या चाचणीचा खर्च यावा. अभ्यासक्रम म्हणून ‘प्रगत विज्ञान’ एवढेच न लिहिता, कोणत्या महिन्यात कोणता घटक, हे लिहावे. गणितासाठी ऑलिंपियाडच्या पहिल्या टप्प्याचे, म्हणजे आयओक्यूएमचे घटक, किंवा विज्ञानासाठी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने खुल्या ठेवलेल्या जुन्या ऑलिंपियाड प्रश्नपत्रिका आधाराला घेता येतात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. नियमांतील प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला लागू आहे. प्रत्यक्ष प्रकल्पात शिकवणाऱ्याचे मानधन हा प्रकल्पाचाच खर्च असतो, त्यामुळे संस्थांनी ते संकोचाने वगळू नये.

कंपनी कशी निवडावी आणि केव्हा जावे

प्रत्येक पात्र कंपनीने आपले सीएसआर धोरण, समितीची रचना आणि संचालक मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाचे असतात. ती पाने आधी वाचावीत. ज्या कंपनीच्या यादीत केवळ जलसंधारण आहे, तिच्या दारात उभे राहून वेळ घालवू नये. वार्षिक आराखडा आर्थिक वर्षाच्या आरंभी ठरत असल्याने अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच कंपनीच्या हाती असलेला बरा. जानेवारीनंतर सरत्या वर्षाची उरलेली रक्कमही कधी मिळते, पण ती बहुधा वस्तूंसाठी असते.

वर्ग एका वर्षात रुजत नाहीत, म्हणून प्रस्ताव ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करण्याची विनंती करावी. असा प्रकल्प आरंभीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकतो, आणि वर्षाखेरीस उरलेली रक्कम कंपनीने ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवावयाची असते. ही मुभा बऱ्याच शाळांना माहीतच नसते आणि त्या दर जूनमध्ये नव्याने हात पसरतात.

मंजुरीनंतर करारनामा होतो आणि रक्कम साधारणपणे हप्त्यांनी येते. निधी मंजूर कारणासाठीच वापरला गेल्याचे प्रमाणपत्र कंपनीच्या मुख्य वित्तीय अधिकाऱ्याने स्वतः द्यावयाचे असल्याने कंपनीचे हिशेबाबाबतचे प्रश्न बारीक असतात. त्यासाठी स्वतंत्र खातेवही, सनदी लेखापालाचे विनियोग प्रमाणपत्र, विकत घेतलेल्या प्रत्येक उपकरणाची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद आणि तासिकेगणिक मुलांच्या हजेरीची वही ठेवावी. या वहीत शेवटचा रकाना ‘आज काय शिकवले’ असा असावा आणि तो शिक्षकाने तासिका संपताच स्वतःच्या हाताने भरावा, कारण दुसरा हप्ता मागताना कंपनीचा प्रतिनिधी शाळेत येतो, तेव्हा तो सर्वांत आधी हाच रकाना वाचतो.