बाहेरची भिंत कोणाची? फ्लॅटच्या दर्शनी बदलांवरच्या नियमांची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर या शहरांत 1980 आणि 90 च्या दशकांत उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटच्या खिडक्या आता बदलायला आल्या आहेत. लोखंडी चौकटी खालून गंजल्या, झडपा लागेनाशा झाल्या. कोणी ॲल्युमिनियमची स्लायडिंग बसवतो, कोणी यूपीव्हीसी, कोणी गॅलरी बंद करून खोलीत घेतो. मग नोटीस बोर्डावर कागद लागतो आणि भांडणाला तोंड फुटते: माझा फ्लॅट, माझी खिडकी, पैसे माझे, मग परवानगी कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र आपल्या बिल्डिंगच्या फार आधीपासून घडत आले आहे.

आपल्याकडे घर म्हणजे जमीन आणि तिच्यावरचे सगळे. वाड्यात भावाभावांच्या वाटण्या झाल्या, तरी मधली भिंत सामाईक म्हणून कागदावर यायची आणि तिला हात लावायचा तर दुसऱ्याला विचारावे लागे. एकावर एक मजले, प्रत्येकाचा मालक वेगळा आणि खालची जमीन सगळ्यांची, ही मांडणी मराठवाड्याला नवी होती. फ्रान्सच्या 1804 च्या दिवाणी संहितेत मात्र तिचे बीज सापडते. मजले वेगवेगळ्या मालकांचे असतील तर मुख्य भिंती आणि छप्पर यांचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा, असे तिथे एक कलमच होते. इमारतीचे अंग सगळ्यांचे, ही कल्पना तेव्हापासून कायद्यात आहे.

आज आपण जो नियम वाचतो त्याची वाट मात्र कॅरेबियन समुद्रातल्या पोर्टो रिकोवरून येते. तिथे 1958 मध्ये मजल्यावार मालकीचा स्वतंत्र कायदा झाला. 1961 मध्ये अमेरिकेच्या संघीय सरकारने अशा सदनिकांच्या गृहकर्जाला विम्याचे संरक्षण दिले आणि 1962 मध्ये तिथल्या गृहनिर्माण प्रशासनाने राज्यांसाठी नमुना कायदा तयार केला. 1960 चे दशक संपता संपता जवळजवळ प्रत्येक राज्यात कॉन्डोमिनियमचा, म्हणजे अशा मजल्यावार मालकीचा, कायदा आला. त्या नमुन्यात एक अट होती: इमारतीच्या भक्कमपणाला धोका पोचेल, तिची किंमत घटेल किंवा दुसऱ्याच्या वहिवाटीच्या हक्काला बाधा येईल असे कोणतेही काम बाकी सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय करायचे नाही.

महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, 1970 उघडून पाहा. हीच अट, जवळजवळ त्याच शब्दांत, तिथे आहे. नव्या बांधकामाची भर घालायलाही सगळ्यांची संमती लागते, असे त्यात पुढे म्हटले आहे. संभाजीनगरच्या क्रांती चौकाजवळच्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये सेक्रेटरी जो नियम वाचून दाखवतो, त्यामागे कोणा शेजाऱ्याची लहर नाही. साठ वर्षांहून जुनी, परदेशातून आलेली कायद्याची ओळ आहे.

महाराष्ट्रात याच्या शेजारी दुसरी वाटही होती आणि लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत जमीन आणि इमारत सोसायटीची असते, सभासदाला आपल्या सदनिकेचा हक्क असतो. तिथे 1960 चा सहकार कायदा आणि उपविधी, म्हणजे सोसायटीचे स्वतःचे नियम, चालतात. आदर्श उपविधींप्रमाणे कमिटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय फ्लॅटमध्ये भर किंवा फेरबदल करता येत नाही आणि बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. अपार्टमेंटमध्ये फ्लॅट मालकाचा असतो, सामाईक भागात त्याचा अविभक्त हिस्सा असतो आणि सगळे ठरते ते डीड ऑफ डिक्लेरेशनवर, म्हणजे फ्लॅट आणि सामाईक भाग कोणते ते सांगणाऱ्या नोंदणीकृत दस्तावर. 1963 चा मोफा आणि 2016 चा रेरा या बिल्डरच्या फ्लॅटविक्रीवरच्या कायद्यांची नावे या भांडणात हटकून निघतात. पण मंजूर नकाशा परस्पर बदलू नये म्हणून त्यांनी बांधले आहे ते बिल्डरला. गॅलरी बंद करायची तर असोसिएशनच्या, म्हणजे अपार्टमेंट मालकांच्या संघटनेच्या, होकाराबरोबरच महापालिकेची परवानगी वेगळी लागते. 1966 च्या नगररचना कायद्याखाली नोटीस येते ती त्यासाठी.

अमेरिकेत पुढच्या काळात खिडकी आणि बाल्कनी यांच्यासाठी मधला वर्ग रूढ झाला: वापर एकट्याचा, पण गणना सामाईकात. त्यामुळे अनेक ठिकाणी खिडकी बदलण्याचा खर्च मालकाचा आणि रंग, आकार, काच यांची निवड असोसिएशनची, अशी विभागणी झाली. असोसिएशनच्या अधिकारालाही लगाम घातले गेले. 1996 पासून तिथल्या दूरसंचार आयोगाने ठरवले की मालकाच्या एकट्याच्या वापरातल्या बाल्कनीत छोटी डिश अँटेना बसवायला सरसकट बंदी घालता येणार नाही. मात्र सामाईक बाहेरच्या भिंतीला भोक पाडायची मुभा त्यात नाही. कॅलिफोर्नियात असोसिएशनने अर्जाचा निर्णय लेखी द्यावा आणि नकार असेल तर कारण सांगावे, असे कायदाच म्हणतो. हे मला आपल्याकडे सर्वांत हवेसे वाटते. ‘कमिटी नाही म्हणाली’ एवढ्यावर माणसाचे समाधान होत नाही आणि होऊही नये.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही, हे मराठवाड्यात कूलरकडे पाहिले की कळते. उन्हाळ्यात खिडकीबाहेर लोखंडी अँगलचा स्टँड ठोकतात. पाण्याने भरलेल्या कूलरचे वजन आणि मोटरची थरथर त्या चार बोल्टांवर येते. बोल्ट बीममध्ये गेला असेल तर भोकाच्या कडेने पाणी आत मुरते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा पोपडा सुटतो. दोन-तीन पावसाळ्यांनी खालच्या घराच्या छताला ओल येते. स्टँड वरच्याचा, भिंत सगळ्यांची, पोपडे खालच्याच्या पलंगावर. गच्चीवर प्रत्येकाने ठेवलेल्या स्वतंत्र काळ्या टाक्या आणि बाहेरून सोडलेले बोअरचे पाइप यांचीही हीच गत. पाणीटंचाईने लोकांना ते करायला लावले, हे मला पूर्ण मान्य आहे. पण स्लॅबला टंचाई कळत नाही.

भक्कमपणा हा शब्द आपल्या भागात हलका नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात माळवदाच्या जड छपरांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. तेव्हा हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 च्या मानकात लातूर तिसऱ्या, म्हणजे आधीपेक्षा जास्त धोक्याच्या, झोनमध्ये आले. त्याआधी बांधलेल्या इमारतीत खोली मोठी करायला दर्शनी भिंत तोडणे आणि गॅलरीवर विटांचे बांधकाम चढवणे म्हणजे आधीच कमी धरलेल्या हिशेबातून आणखी वजा करणे आहे. फ्लोरिडात 24 जून 2021 रोजी सर्फसाइड इथली कॉन्डो इमारत कोसळून 98 जण दगावले. तिथे दुरुस्ती वर्षानुवर्षे लांबली होती. पुढच्या वर्षी त्या राज्याने तीन मजल्यांपासून वरच्या जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची केली. आपल्या आदर्श उपविधींत सोसायट्यांसाठी ती तरतूद आधीपासून आहे: 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी, त्यापुढे दर 3 वर्षांनी. महापालिका कायदाही 30 वर्षांपुढच्या इमारतींसाठी तपासणी मागतो आणि त्यात अपार्टमेंटही येतात.

कागद आहेत, पण ते घरात नाहीत. डिक्लेरेशन वकिलाच्या फायलीत आणि खरेदीखत बँकेत. ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांनाही त्यात खिडकीच्या चौकटीचा रंग सापडत नाही, कारण तो लिहिलेलाच नसतो. म्हणून पहिल्या मजल्याची खिडकी पांढरी, दुसऱ्याची तपकिरी आणि तिसऱ्याला आक्षेप. खिडकीचा रंग आणि जाडी, ग्रील भिंतीच्या आत की बाहेर, एसीच्या बाहेरच्या युनिटची जागा, त्याच्या पाण्याचा पाइप, भोक पाडल्यावर वॉटरप्रूफिंग कोणी करायचे, एवढे सर्वसाधारण सभेत ठरवून ठरावाच्या वहीत उतरवायला एक संध्याकाळ पुरते. आधीच झालेल्या बदलांपैकी कोणते राहू द्यायचे आणि कोणते काढायचे, याचा ठराव त्याच सभेत घ्यावा लागतो. नाहीतर नवा अर्जदार जुन्या शेजाऱ्याच्या बंद गॅलरीकडे बोट दाखवतो आणि त्याला द्यायला कमिटीकडे उत्तर नसते.