आतड्यातील जीवाणू : चयापचय आणि मेंदू

माणसाच्या मोठ्या आतड्यात वस्ती करून असलेले जीवाणू अन्नातून नवे पदार्थ तयार करतात आणि त्या पदार्थांमार्फत शरीराच्या चयापचयावर व मेंदूच्या कार्यावर परिणाम घडवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, तर त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी भरतात.

ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ यांतील सगळेच लहान आतड्यात पचत नाही. कोंडा, सालीतील तंतू आणि पिष्टाचा काही भाग तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. शिळ्या भाकरीत हे न पचणारे पिष्ट थोडे अधिक असते, कारण भाकरी निवताना पिष्टाची रचना घट्ट होते. जीवाणू ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरिक आम्ल हे आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे. तंतू कमी पडले, तर काही जीवाणू अस्तरावरील संरक्षक बुळबुळीत थरच खाऊ लागतात, असे उंदरांमध्ये दिसले आहे. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत नेहमीच्या उंदरांचे जीवाणू सोडल्यावर, खाणे कमी होऊनही, दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढल्याचे २००४ मध्ये आढळले.

पुण्यात या विषयाला खास महत्त्व आहे. गणेशखिंड येथील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला या जीवाणूचे प्रमाण मोठे असल्याचे दाखवले, त्यामुळे पाश्चात्त्य निष्कर्ष जसेच्या तसे येथे लावणे धोक्याचे ठरते. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या गावांतील माता व मुलांचा अभ्यास करून ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि मधुमेहाची पूर्वतयारी यांचा संबंध पुढे आणला. हे जीवनसत्त्व केवळ सूक्ष्मजीवच बनवू शकतात. मोठ्या आतड्यातील जीवाणूही ते बनवतात, पण त्याचे शोषण त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होत असल्याने ते बहुतांशी वायाच जाते, आणि म्हणून दूधही बेताचेच घेणाऱ्या शाकाहारी माणसाला मज्जातंतूंचे विकार जडू शकतात.

मेंदूवरील परिणामाचा सर्वांत भक्कम पुरावा यकृताच्या रुग्णात मिळतो. प्रथिनांचे अवशेष व युरिया यांपासून जीवाणू अमोनिया तयार करतात, आणि निरोगी यकृत तो रक्तातून काढून घेते. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होऊन निकामी होत जाते त्या आजारात, तो तसाच मेंदूपर्यंत पोहोचतो, तेथील आधारपेशींमध्ये त्याचे ग्लुटामिन बनते आणि त्या पेशी सुजतात. रुग्ण दिवसा झोपतो व रात्री जागतो, त्याची सही बदलते, आणि हात पुढे पसरून मनगटे वर उचलायला सांगितले की पंजे फडफडतात. घरच्यांना हे म्हातारपण किंवा भ्रमिष्टपण वाटते आणि मोलाचे दिवस हातचे जातात, ही खरोखर दुःखाची गोष्ट आहे. कित्येकदा सगळ्याचे निमित्त साध्या बद्धकोष्ठाचे असते. म्हणूनच डॉक्टर आधी ‘पोट साफ झाले का?’ असे विचारतात. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचास होईल एवढे लॅक्ट्युलोज दिले जाते. ही साखर माणसाला पचत नाही, पण जीवाणू तिच्यापासून आम्ल बनवतात, आणि आम्लात अमोनियाचे अमोनियम होऊन तो आतड्यातच अडकतो. रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक रक्तात जवळपास उतरतच नाही, तरीही रुग्णाची शुद्ध सुधारते, कारण ते आतड्यातील जीवाणूंवरच काम करते.

नैराश्य व स्वमग्नता यांबाबतचा पुरावा अजून बराचसा उंदरांवरचा आहे. त्याच्या आधारे बाजारातील जीवाणूंच्या कॅप्सूल मनोविकारावर औषध म्हणून घेऊ नयेत. पार्किन्सनच्या रुग्णासाठी मात्र एक गोष्ट व्यवहारात महत्त्वाची ठरू शकते. आतड्यातील एंटेरोकोकस फेकॅलिस हा जीवाणू लेव्होडोपा या औषधाचे मेंदूत व्हायला हवे ते डोपामिन (या आजारात मेंदूत कमी पडणारे रसायन) आतड्यातच करून टाकतो, आणि डोपामिनला रक्तातून मेंदूत शिरता येत नाही. सोबत दिले जाणारे कार्बिडोपा हा बदल घडवणारे माणसाचे विकर (एन्झाइम) रोखते, पण या जीवाणूच्या विकरावर त्याचा प्रभाव पडत नाही.